बंदुका वाटून निघून जाणाऱ्यांना जाहीर इशारा

हा इशारा तिघांसाठी आहे. दुसऱ्याच्या लढाईत आपल्या बंदुका पाठवणाऱ्या बड्या सत्तांसाठी. त्या बंदुका हाती घेणाऱ्या लहान समाजांसाठी. आणि सीमेवर असंतोष पेटला की परकीय हाताकडे बोट दाखवून मोकळे होणाऱ्या राज्यकर्त्यांसाठी.

आम्ही हवेत बोलत नाही. आमच्याकडे पुरावा आहे आणि तो 1814 ते 1818 या काळातल्या फ्लोरिडाचा आहे. तेव्हा फ्लोरिडा स्पेनच्या ताब्यात होता, उत्तरेला अमेरिकेचे तरुण संघराज्य पसरत होते आणि मधल्या जंगलात, नद्यांच्या काठी क्रीक व सेमिनोल लोकांची गावे होती. अमेरिकेशी युद्ध चालू असताना ब्रिटनने या लोकांना शस्त्रे दिली, कवायत शिकवली, आपला झेंडा दिला. युद्ध संपले आणि ब्रिटन निघून गेला. झेंडा तिथेच राहिला आणि त्याच्या भरवशावर माणसे मेली. त्या काळात तिन्ही पक्ष कसे वागले ते पाहा. मग आमच्या अटी ऐका.

बड्या सत्तांनो, आधी तुमचा हिशेब.

27 मार्च 1814 रोजी, आजच्या अलाबामातल्या टॅलापूसा नदीच्या हॉर्सशू बेंड या वळणावर अमेरिकन सेनापती अँड्र्यू जॅक्सनच्या फौजेने 'रेड स्टिक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंडखोर क्रीकांचा तळ मोडून काढला. आठशेहून अधिक क्रीक त्या एका दिवसात मारले गेले. वाचलेले बायकामुलांसह दक्षिणेकडे, स्पॅनिश हद्दीत पळाले. पोटाला अन्न नाही, बंदुकीला दारू नाही, अशा अवस्थेत असताना मे महिन्यात अपालाचिकोला नदीच्या मुखाशी त्यांना ब्रिटिश जहाज दिसले. कॅप्टन ह्यू पिगटने शस्त्रे उतरवली आणि कवायत शिकवायला जॉर्ज वुडबाइनला मागे ठेवले. ऑगस्टमध्ये रॉयल मरीन्सचा अधिकारी एडवर्ड निकोल्स आला. नदीच्या वरच्या अंगाला प्रॉस्पेक्ट ब्लफ येथे किल्ला उभा राहिला. ॲडमिरल कॉक्रेनने त्याआधीच, 2 एप्रिलला, गुलामांना उद्देशून जाहीरनामा काढला होता: आमच्या फौजेत या, नाहीतर आमच्या वसाहतींत स्वतंत्र माणूस म्हणून राहा. मळ्यांतून निसटलेले काळे स्त्रीपुरुषही त्या किल्ल्यात गोळा झाले.

लंडनच्या लेखी हा सगळा उद्योग कशासाठी होता? न्यू ऑर्लिन्सवर मोठी स्वारी करायची होती आणि जॅक्सनचे सैन्य दुसरीकडे गुंतवून ठेवायचे होते, त्यासाठी. क्रीकांसाठी तो जगण्यामरण्याचा प्रश्न होता, ब्रिटनसाठी मोहिमेची एक बाजू. दोघांच्या उद्देशांतले हे अंतर बंदुका उतरवताना कोणी बोलून दाखवले नाही. तुमचा पहिला अपराध हाच.

दुसरा अपराध तहाच्या मेजावरचा. आजच्या बेल्जियममधल्या घेंट शहरात 1814 च्या ऑगस्टमध्ये वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधींनी मूळ रहिवाशांसाठी कायमची हद्द आखून मिळाल्याशिवाय तह होणार नाही असे ठणकावले होते. अमेरिकेने नकार दिला आणि काही आठवड्यांतच ही अट गळाली. 24 डिसेंबर 1814 च्या तहात उरले ते नववे कलम. अमेरिकेने मूळ रहिवाशांशी चाललेले युद्ध थांबवावे आणि 1811 साली त्यांच्याकडे असलेल्या मालमत्ता व हक्क त्यांना परत द्यावेत, असे ते सांगते. वाचायला चांगले आहे. पण अंमलबजावणीसाठी आयोग नाही, जमीन परत देण्याची मुदत नाही, देखरेखीला अधिकारी नाही, मोडल्यास काय होईल याचा उच्चार नाही. अमेरिकेने सरळ पवित्रा घेतला की क्रीकांशी आमचे युद्ध 9 ऑगस्ट 1814 च्या फोर्ट जॅक्सनच्या तहाने आधीच मिटले आहे, तेव्हा हे कलम त्यांना लागू नाही. फ्लोरिडात पळालेल्यांनी त्या तहावर सही केलेलीच नाही, हे निकोल्स पत्रांतून ओरडून सांगत राहिला. त्याच्या सरकारला त्या वादात पडायचे नव्हते.

निकोल्सबद्दल अन्याय्य बोलायचे नाही. तो गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता आणि आपण दिलेला शब्द खरा होईल असे मानणारा होता. 1815 च्या वसंतात त्याने क्रीकांशी मैत्रीचा करार केला आणि त्यांचा धर्मनेता जोसाया फ्रान्सिस ऊर्फ हिलिस हाजो याला घेऊन तो लंडनला गेला. तिथे ब्रिटिश मंत्री लॉर्ड बाथर्स्टच्या खात्याने करार मान्य केला नाही. फ्रान्सिसला भेटवस्तू मिळाल्या, भारी गणवेश मिळाला आणि परतीचा रस्ता मिळाला. जमिनीबद्दल एक ओळही मिळाली नाही.

इकडे प्रॉस्पेक्ट ब्लफचा किल्ला निकोल्सने तोफा आणि दारूगोळ्यासह तिथल्या काळ्या सैनिकांच्या हवाली केला होता. गार्सों नावाचा माणूस त्यांचा नायक. अमेरिकन मळेवाल्यांना हा किल्ला खुपत होता, कारण त्यांच्या गुलामांना पळून जायला एक ठिकाण झाले होते. 27 जुलै 1816 रोजी अमेरिकन गनबोटीने लालबुंद तापवलेला तोफगोळा टाकला, तो थेट दारूच्या कोठारात पडला आणि किल्ला आतल्या माणसांसह उडाला. आत तीनशेच्या आसपास माणसे होती, त्यांत बायका आणि मुले होती. बहुतेक जागीच गेली. वाचलेल्या गार्सोंला ठार करण्यात आले. किल्ल्यावर त्या दिवशी ब्रिटनचे निशाण लावलेले होते. एकही ब्रिटिश जहाज आले नाही.

आणि शेवटचे ऐका. 1818 च्या एप्रिलमध्ये जॅक्सन स्पेनच्या हद्दीत घुसला आणि त्याने सेंट मार्क्सचा किल्ला घेतला. किनाऱ्याजवळ उभ्या असलेल्या अमेरिकन जहाजाने ब्रिटिश झेंडा चढवला. लंडनहून परतलेला फ्रान्सिस तो झेंडा पाहून आनंदाने होडीतून जहाजावर गेला. त्याच्याबरोबर दुसरा क्रीक नायक होमाथलेमिको होता. दोघांना पकडले आणि 8 एप्रिलला, खटल्याशिवाय, फासावर दिले. तुमच्या झेंड्याची किंमत तुमच्या शत्रूने बरोबर ओळखली होती: भोळ्या मित्राला पकडण्यापुरता तो उपयोगी होता.

तुमचे स्वतःचे लोकही सुटले नाहीत. अलेक्झांडर आर्बथनॉट हा बहामातून आलेला वृद्ध स्कॉटिश व्यापारी क्रीकांच्या वतीने अर्ज लिहीत असे. नववे कलम पाळा, एवढेच त्या अर्जांचे सार होते. रॉबर्ट अँब्रिस्टर हा निकोल्सच्या हाताखाली काम केलेला तरुण. लष्करी न्यायालयाने दोघांना दोषी धरले, अँब्रिस्टरची शिक्षा फेरविचार करून फटके आणि कैद इतकी खाली आणली, पण जॅक्सनने ती सवलत फेटाळली. 29 एप्रिल 1818 ला अँब्रिस्टरला गोळ्या घातल्या आणि आर्बथनॉटला त्याच्याच जहाजाच्या डोलकाठीला फाशी दिली. लंडनची वर्तमानपत्रे खवळली. परराष्ट्रमंत्री कॅसलरे आणि मंत्रिमंडळाने मात्र शांत राहायचे ठरवले. 20 ऑक्टोबर 1818 रोजी त्याच लंडनमध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने मासेमारीचे हक्क व कॅनडाची सीमा ठरवणाऱ्या करारावर सह्या केल्या. मासे आठवले, माणसे विसरली.

आता बंदूक हाती घेणाऱ्यांनो, तुम्हाला.

तुमचे दुःख खोटे नव्हते आणि आजही नसेल. पण दुःख खरे असले म्हणजे मदतीला आलेला प्रत्येक जण खरा ठरत नाही. किनाऱ्यावर उतरलेल्या अधिकाऱ्याची सही आणि राजधानीतल्या सरकारची सही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी माणसाने तरी हे विसरू नये. 6 मार्च 1775 ला मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला आणि साष्टी, वसई पदरात पाडून घेण्याच्या बोलीवर पेशवाई मिळवून देण्याचा शब्द दिला. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलने तो तह परवानगीशिवाय झाला म्हणून धुडकावला आणि 1 मार्च 1776 ला पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह करून राघोबांना वाऱ्यावर सोडले. निकोल्सच्या कराराचे चाळीस वर्षांनी जे झाले ते याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, याच रीतीने झाले. हाताखालच्याने वचन द्यायचे, वरच्याने नाकारायचे, आणि फायद्याचे उरेल ते ठेवून घ्यायचे.

आपसातली फूटही मोजा. क्रीकांचे युद्ध सुरू झाले ते क्रीकांच्याच दोन गटांत. 30 ऑगस्ट 1813 ला रेड स्टिकांनी फोर्ट मिम्स येथे शेकडो माणसे मारली, त्यांत बायका आणि मुलेही होती. त्या हल्ल्याने जॅक्सनला हवे ते निमित्त दिले. क्रीक नायक विल्यम मॅकिन्टॉश आपल्या माणसांसह अमेरिकेच्या बाजूने लढला आणि प्रॉस्पेक्ट ब्लफच्या किल्ल्याला वेढा पडला तेव्हाही तो तिथे हजर होता. परक्याची बंदूक घरात आली की ती भाऊबंदकी मिटवत नाही, तिला धार आणते.

फाउलटाउन या गावची गोष्ट लक्षात ठेवा. नोव्हेंबर 1817 मध्ये अमेरिकन सैन्य गावात घुसले. नायक निआमाथलाच्या घरात त्यांना लाल ब्रिटिश डगला सापडला, त्याला सोनेरी बिल्ले होते. बरोबर ब्रिटिश अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला होता की हा नायक ब्रिटनचा विश्वासू मित्र आहे. या दाखल्याने एक गोळी अडली नाही. उलट, हे गाव शत्रूचे आहे याचा पुरावा म्हणून तो अमेरिकेच्या हाती पडला.

ब्रिटिश जहाजांतून जे प्रत्यक्ष निघाले त्यांचे निराळे झाले. कॉक्रेनच्या हाकेला ओ देऊन सैनिक झालेल्या काळ्या माणसांपैकी शेकडो जणांना 1816 मध्ये त्रिनिदादमध्ये जमिनी मिळाल्या. त्यांचे वंशज तिथे आजही 'मेरिकिन' म्हणून ओळखले जातात. ब्रिटनने शब्द पाळला तो जहाजावर चढलेल्यांशी. किनाऱ्यावर राहिलेल्यांना तो बांधील राहिला नाही. म्हणून बंदूक घेण्याआधी विचारा: तुमचे शेवटचे जहाज सुटेल तेव्हा आमच्या बायकामुलांना त्यात जागा आहे का? उत्तर चुकवले गेले तर बंदूक परत करा.

आणि राज्यकर्त्यांनो, तुम्ही सुटलात असे समजू नका.

28 नोव्हेंबर 1818 रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी स्पेनमधल्या आपल्या राजदूताला लांबलचक खलिता पाठवला. जॅक्सनच्या स्वारीचे त्यात जोरदार समर्थन होते आणि दोषाचे माप निकोल्स, वुडबाइन, आर्बथनॉट, अँब्रिस्टर यांच्या पदरात घातलेले होते. परक्यांनी चिथावले म्हणून सेमिनोल उठले, हा त्याचा गाभा. 22 फेब्रुवारी 1819 ला स्पेनने फ्लोरिडा अमेरिकेला देणाऱ्या तहावर सही केली. युक्तिवाद कामी आला होता.

पण परका हात आला म्हणून घरचा गुन्हा धुतला जातो का? पिगटचे जहाज येण्याच्या आधीपासून गोऱ्या वसाहतवाल्यांचे पाऊल क्रीकांच्या जमिनीवर पडत होते. फोर्ट जॅक्सनच्या तहात जॅक्सनने सुमारे 2 कोटी 30 लाख एकर जमीन घेतली. त्यावर सह्या करणारे बहुतेक नायक त्याच्याच बाजूने लढलेले होते आणि त्यांच्याही गावांची जमीन गेली. शत्रूला शिक्षा आणि मित्राचीही लूट, असा तो तह होता. वॉशिंग्टनने 1815 च्या उन्हाळ्यात जॅक्सनला नवव्या कलमाची आठवण दिली. जॅक्सनने ती बाजूला ठेवली आणि त्याला कोणी जाब विचारला नाही. स्वतः सही केलेला कागद ज्या सरकारला बंधनकारक वाटत नाही, त्याने सीमेपलीकडच्या कागदांत कट शोधू नयेत.

तुम्हाला वेळेवर इशाराही मिळाला होता. 1817 मध्ये निआमाथलाने अमेरिकेच्या फोर्ट स्कॉट ठाण्यावरच्या मेजर ट्विग्सला बजावले की फ्लिंट नदीच्या पूर्वेला पाऊल टाकू नका, तिथली काठीसुद्धा तोडू नका, ती जमीन माझी आहे आणि तिचे रक्षण करणे माझे काम आहे. त्यामागे परक्याची पढवणी शोधायची गरजच नव्हती, जमीन गमावलेल्या माणसाचे ते साधे म्हणणे होते. उत्तर म्हणून 21 नोव्हेंबरला सैनिक त्याच्या गावात गेले. नऊ दिवसांनी अपालाचिकोला नदीवर लेफ्टनंट स्कॉटची होडी घेरली गेली आणि तिच्यातली जवळपास सगळी माणसे मारली गेली, त्यांत सैनिकांच्या बायका आणि मुलेही होती. पहिले सेमिनोल युद्ध असे सुरू झाले. तक्रार ऐकण्याचा खर्च वाचवायला गेलेल्यांनी आपल्याच माणसांचा जीव मोजला.

पुढचे सारे त्याच वाटेने गेले. 28 मे 1830 रोजी राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॅक्सनने मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली. क्रीकांना घरदार सोडून आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. जॅक्सनच्या बाजूने लढलेल्यांनाही जावे लागले. सेमिनोलांनी नकार दिला. 1835 ते 1842 असे युद्ध चालले, ते त्यांनी कोणत्याही बड्या मित्राशिवाय लढवले. त्यांचा नायक ओसिओला याला 1837 च्या ऑक्टोबरात वाटाघाटीच्या पांढऱ्या निशाणाखाली पकडण्यात आले आणि पुढच्या जानेवारीत तो कैदेत मेला. अमेरिकेचे सुमारे दीड हजार सैनिक या युद्धात गेले, त्यांतले बहुतेक रोगराईने. इतके करूनही काही शेकडो सेमिनोल फ्लोरिडाच्या दलदलीत टिकून राहिले आणि त्यांचे वंशज आजही तिथेच आहेत. या वेळी किनाऱ्यावर एकही ब्रिटिश जहाज नव्हते. मग हे कोणी चिथावले?

ही सारी जुनी कहाणी आहे असे म्हणून कोणी हात झटकू नका. 6 मार्च 1975 ला इराण आणि इराकने अल्जिअर्समध्ये समझोता केला आणि त्याबरोबर इराकी कुर्दांना मिळणारी इराणची व अमेरिकेची मदत बंद झाली. मुल्ला मुस्तफा बारझानींची चळवळ काही आठवड्यांत कोसळली. 2021 च्या ऑगस्टमध्ये काबूलच्या विमानतळाबाहेर अमेरिकेसाठी दुभाषाचे काम केलेली माणसे हातात कागद घेऊन उभी होती. फाउलटाउनच्या दाखल्यापेक्षा त्यांतल्या कित्येकांचे कागद जास्त उपयोगी ठरले नाहीत.

म्हणून आमच्या अटी. त्या वाटाघाटीसाठी मांडलेल्या नाहीत.

बड्या सत्तांनी शस्त्रांची पहिली पेटी उतरवण्याआधी तीन गोष्टी आपल्या संसदेत, उघडपणे सांगाव्यात. आपण कशासाठी लढतो आहोत आणि कुठे थांबणार आहोत. तहाच्या मेजावर या लोकांचा प्रतिनिधी बसेल की नाही. आणि हार झाली तर किती माणसांना आपण आपल्या देशात आसरा देऊ. ज्या तहात मित्रांच्या हक्कांचे कलम असेल त्यात ते अमलात आणण्याची मुदत, देखरेख आणि मोडल्याची शिक्षाही असलीच पाहिजे. हे सांगायची तयारी नसेल तर जहाजे बंदरातच ठेवा.

लहान समाजांच्या नेत्यांनी राजधानीच्या मान्यतेशिवाय झालेल्या कोणत्याही करारावर आपल्या गावाचे रक्त लावू नये. गणवेश, पदक, दाखला, मेजवानी हा मोबदला म्हणून स्वीकारू नये. बंदुकीची गरज पडलीच तर ती आपल्या बळावर किती दिवस चालवता येईल तेवढीच लढाई अंगावर घ्यावी.

राज्यकर्त्यांनी परकीय हाताचा पुरावा जरूर मांडावा. पण त्याच दिवशी, त्याच सभागृहात, त्या भागातल्या लोकांशी आपण केलेले करार आणि त्यांतली न पाळलेली कलमे यांची यादीही मांडावी. दुसरी यादी न मांडता पहिली मांडणाऱ्याला आम्ही जॅक्सनच्या रांगेत बसवू.

अटी झुगारल्या तर काय होईल हे सांगायला आम्हाला भविष्य पाहावे लागत नाही. बडी सत्ता आपल्याच माणसांची प्रेते मोजेल आणि जगात कोणीही तिच्या शब्दावर उभे राहणार नाही. बंदूक घेणारा समाज जमीनही गमावेल आणि आपसातली माणसेही. राज्यकर्त्याला सीमेवर शांतता हवी असेल तर मिळेल ते दीर्घ युद्ध.

कागदावर मात्र अजून भरवसा ठेवता येतो, मागणारा खंबीर असला तर. 9 जुलै 2020 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ओक्लाहोमात क्रीकांना तहाने मिळालेली राखीव भूमी संसदेने कधीच रद्द केलेली नाही, म्हणून गंभीर गुन्ह्यांच्या कायद्यापुरती ती आजही कायम आहे. या वेळी त्यांच्या मदतीला कोणाची बंदूक नव्हती. तहाची कलमे त्यांनी न सोडता, पिढ्यान्‌पिढ्या मागितली होती.

तेव्हा तिघांनीही लक्षात ठेवावे. दिलेला शब्द कोणाला तरी पाळावाच लागतो. तो देणाऱ्याने पाळला नाही तर ज्याला दिला तो आपल्या जिवाने त्याची किंमत चुकवतो. आम्ही वाचक, मतदार आणि करदाते यांना सांगतो: तुमच्या नावाने पुढच्या वेळी कोणाला बंदूक दिली जाईल, तेव्हा तुमच्या प्रतिनिधीला पहिला प्रश्न तहाचा विचारा. त्याने उत्तर दिले नाही तर त्याला मत देऊ नका.